मानेमागचा लाल चट्टा

"सर, हे पक्षी थंडीचे पाहुणे आहेत असं तुम्ही लिहिलं होतंत ना? मग घरट्यातली पिल्लं कुणाची हो?"

फोनवर तळा गावच्या कांबळेबाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या दारासमोरचा रायवळ आंबा रस्ता रुंद करण्यासाठी त्या सकाळी पाडला होता. पक्ष्यांचा सर्व्हे मीच केला होता.

झाडं तोडण्याआधी तिथे कोणते पक्षी राहतात, घरटी करतात का, हे पाहून रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. थंडीत गेलो होतो. सकाळी रेवदंड्याच्या खाडीवर मोर शराटींचा थवा दिसला. बाकदार चोच, तपकिरी अंग, त्यावर हिरवी झाक. हा आपल्याकडे थंडीपुरता येतो, घरटं करत नाही. संध्याकाळी तळ्याच्या आंब्यावर तसल्याच चोचीची जोडी बसलेली. ऊन माझ्या डोळ्यांवर, पक्षी नुसते काळे. मी यादीत सकाळच्या मोर शराटीच्याच ओळीत आणखी दोन रेघा मारल्या.

बाई म्हणाल्या होत्या, "सर, हे बारा महिने इथंच असतात. चहा टाकते. तोवर शेतात उतरतील, नीट बघा."

"बाई, चोवीस वर्षं हेच करतोय," मी हसलो. फार रात्र व्हायच्या आत अलिबाग गाठायचं होतं.

काळा शराटी हा मोर शराटीचा चुलतभाऊच. पण तो इथलाच. उंच झाडावर घरटं बांधतो, कोरड्या शेतातही चरतो. त्याच्या डोक्यामागे लाल चट्टा असतो. तो दिसायला पक्ष्याने मान वळवेपर्यंत थांबावं लागतं. चहा होईपर्यंत, फार तर.

तळ्याला पोचलो. बाईंनी सुपात ओला कपडा घालून दोन पिल्लं ठेवली होती. "एक धुगधुगत होतं. आत्ताच गेलं," त्या म्हणाल्या. पाडलेल्या आंब्यावर जोडी ओरडत घिरट्या घालत होती. मग एक खाली उतरला, फांद्यांत चोच खुपसून शोधू लागला. मान खाली गेली आणि लाल चट्टा दिसला. दुर्बीणसुद्धा लागली नाही.

"आता दिसलं ना, सर?"

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रस्त्याच्या कामाच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "झाड गेलंय. आता रिपोर्ट कशाला बदलता?"

तरी बदलला. 'काळा शराटी. घरटं होतं.' खाली सही केली. त्याने कुणाचं काय भलं झालं, देव जाणे.

आता सर्व्हेला गेल्यावर कुणी चहा विचारला, तर मी नाही म्हणत नाही.