छायाचित्र : कमळाबाई जगताप

बडोद्याच्या लहरीपुऱ्यातले सुभानराव जगताप रिफायनरीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं होते आणि वाचल्याशिवाय त्यांनी एकाही कागदावर सही केली नव्हती. त्यामुळे वरिष्ठ त्यांना वचकून असत आणि बढती दुसऱ्यांना देत.

त्यांची आई कमळाबाई गेली, तेव्हा मागे बासष्ट फोटो राहिले. कॅमेरा मुळात तिच्या दिराचा, म्हणजे सुभानरावांच्या काकांचा. त्यांची हौस आठ दिवसांत फिटली आणि तो कमळाबाईंच्या हाती आला. पुढची दहा वर्षं, सत्तर सालापर्यंत, त्यांनी घरातली लग्नं, सुरसागर तलावावरचं विसर्जन, गरब्याहून परतणाऱ्या शेजारणी असं सगळं टिपलं. घरात याला ‘वहिनींचा चाळा’ म्हणत. फोटो ट्रंकेत गेले आणि कुणाला त्यांची आठवण राहिली नाही.

सयाजीगंजातल्या एका नव्या खासगी संग्रहालयानं बडोद्याचे जुने फोटो मागितले, तेव्हा सुभानराव ते घेऊन गेले. तिथल्या मयंक नावाच्या तरुणानं पेनाचं टोपण काढूनच अर्ज पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की दाता सर्व हक्क कायमचे आणि संपूर्ण विश्वासाठी संस्थेला देत आहे. फोटोखाली नाव येणार होतं ते संस्थेचं.

“काका, आ तो स्टॅन्डर्ड फॉर्म छे. सगळे सही करतात.”

सुभानरावांनी विचारलं, विश्व म्हणजे कुठपर्यंत? मयंकला ते ठाऊक नव्हतं. त्यानं संचालिका संयोगिताबाईंना विचारलं, त्यांनी वकिलांना फोन केला. वकिलांनी मजकूर इंटरनेटवरून उतरवला होता आणि विश्वाचा विचार त्यांनीही केला नव्हता.

सुभानराव फोटो घेऊन परत आले आणि दोन पानांचा स्वतःचा करार टाइप केला. प्रिंट संस्थेच्या. त्या जपाव्यात, प्रदर्शनात लावाव्यात, अभ्यासकांना दाखवाव्यात. कॉपीराइट मात्र घरचाच राहील. पुस्तकात, कॅलेंडरवर किंवा चहाच्या मगावर छापायचं, तर लेखी परवानगी हवी. आणि प्रत्येक फोटोखाली ‘छायाचित्र : कमळाबाई जगताप’ हवंच.

संयोगिताबाईंनी करार दोनदा वाचला.

“मगांचं तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी हळूच विचारलं.

मगांची ऑर्डर रद्द झाली आणि करारावर सह्या झाल्या.

ही बातमी सावली गावात पोचली. काकांचे चिरंजीव प्रतापसिंह तिथे ट्रॅक्टरची एजन्सी चालवत. चाळीस वर्षांत त्यांनी ते फोटो मागितले नव्हते, पण रविवारी दोन मोटारी भरून माणसं घेऊन आले. कॅमेरा बाबांचा, म्हणजे फोटोही बाबांचेच, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या तिघांनी तर काकांना फोटो काढताना पाहिलंही होतं, आणि त्या तिघांतल्या थोरल्याचा जन्म एकोणीसशे एकाहत्तरचा होता. शेवटी कुणीतरी तोड काढली : ‘छायाचित्र : जगताप परिवार’ लिहा, म्हणजे कुणी दुखावणार नाही.

सुभानरावांनी सगळ्यांना चहा दिला आणि फोटो सतरंजीवर मांडले. मग काका ज्यात आहेत ते एकेक करून प्रतापसिंहांपुढे ठेवले. काका सायकलवर, काका फेट्यात, काका जेवताना, काका झोपलेले. असे एक्केचाळीस निघाले.

“हा झोपेतला त्यांनी कसा काढला, तेवढं सांग,” सुभानराव म्हणाले.

प्रतापसिंहांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. वडील इतके निवांत झोपलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

“याची एक कॉपी मला मिळेल?” त्यांनी विचारलं.

“मिळेल. मागे आईचं नाव असेल.”

उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवर प्रायोजक बिल्डरचं नाव दारापेक्षा रुंद होतं आणि फोटोंखाली ‘छायाचित्रकार : अज्ञात’. सुभानरावांनी करार काढला आणि पहिल्या फोटोसमोर खुर्ची मांडून बसले. पाहुणे आले, फीत कापली गेली, भाषणं झाली, पण ते हलले नाहीत. अखेर मयंकनं चिठ्ठ्या छापून आणल्या आणि एकेक करून चिकटवल्या. तीन वाकड्या बसल्या होत्या. सुभानरावांनी त्या काढून पुन्हा लावायला लावल्या.

नंतर शाळकरी मुलींचा घोळका आला. प्रतापसिंह त्यांना मोठ्या आवाजात सांगत होते, की हे सगळे फोटो आमच्या काकूंनी काढलेत, माझ्या बाबांच्या कॅमेऱ्यानं. सुभानरावांनी ऐकलं. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते जाऊन त्यांच्याशेजारी उभे राहिले.