ताजेरावांची चिठ्ठी

आमच्या मुख्य इंजिनिअरना आम्ही पाठीमागे ताजेराव म्हणायचो. त्यांचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. चाळीस वर्षं प्रत्येक बाटलीवर नाव-तारखेची चिठ्ठी डकवली त्यांनी. चिरंजीवांनी मात्र चिठ्ठीशीच दावा मांडला होता.

आमचं काम सरळ. प्रोग्रॅम लिहून झाला की यंत्रणा तो आपोआप एका बंद डब्यात भरते, डब्यावर चिठ्ठी लावते आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर नेऊन चालू करते. शहाणी माणसं चिठ्ठीवर आकडा घालतात. ताजेराव प्रत्येक डब्यावर एकच शब्द घालत, 'लेटेस्ट'. नवा डबा आला की जुन्याची चिठ्ठी निघायची, आणि बिनचिठ्ठीचे डबे लगेच फेकायची सोयही त्यांनीच लावली होती. जागा वाचते म्हणे.

आमच्या टेस्टिंगच्या बाईंनी दोनदा सांगून पाहिलं, "सर, आकडा घाला हो. कधी मागे जायची वेळ आली तर?"

"मागे बघणारा पुढे जात नाही," असं म्हणून ताजेराव स्वतःच्याच वाक्यावर खूश होत चहाला गेले. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मंगळवारी सकाळी नवा डबा डायलिसिस केंद्राच्या सर्व्हरवर गेला आणि दुपारच्या पाळीतल्या रुग्णांची सगळी नावं यादीत दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात ताजेरावांचा फोन वाजला. हात कीबोर्डवर होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"अरे, यादीत माझं नावच नाही म्हणतात इथे," केंद्रातून वडील म्हणाले. "शनिवारची पाळी तापामुळे हुकली, आता आजचीही गेली तर कसं रे? पाय सुजलेत माझे."

ताजेरावांनी मॅनेजरना हाक मारली.

"कालचा डबा परत लावा," मॅनेजर म्हणाले. "चिठ्ठी काय त्याची?"

"लेटेस्ट."

"तो आजचा ना?"

"कालचाही लेटेस्टच होता."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तिकडे म्हातारा बाकावर बसून होता.

बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "माझ्याकडे एकशे बारा नंबर आहे. काल तपासलेला." तपासलेला प्रत्येक डबा त्या स्वतःच्या मशीनवर आकडा घालून ठेवत, आणि याच चिकटपणाबद्दल ताजेरावांनी त्यांची लेखी तक्रार केली होती. एकशे बारा लावला. वीस मिनिटांत नावं परत आली.

दुपारी वडिलांचा पुन्हा फोन आला. ताजेरावांना अजून स्पीकर बंद करायचं सुचत नव्हतं.

"मिळाली रे खुर्ची. चूक कोणी निस्तरली?"

"मीच, बाबा."

तीन हात अंतरावर बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तू?" म्हातारा म्हणाला. "तुझ्या शाळेच्या वह्यांवरसुद्धा नावं मीच घालायचो. खरं सांग, आभार कोणाचे मानू?"

सगळी खोली ऐकत होती. ताजेरावांनी एकदा बाईंकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "टीमचे."