चतुराबाईची घाईची साक्ष

देवाचे उपकार पोटात ठेवणं चतुराबाईला कधी जमलंच नाही. नळाला पाणी आलं की ही हंडा लावायच्या आधी हात जोडणार. ऐन भाकरीच्या वेळी गॅस संपला नाही, तरी स्तुती असो. लातूरच्या डाळमिलमध्ये तिच्या शेजारी तूर निवडायला बसायचं, म्हणजे सुट्टी होईपर्यंत येशूचं गुणगान ऐकायचं. बाया वैतागायच्या, पण ती आली नाही तर त्यांनाच करमायचं नाही.

रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ झाली, की पास्टर दयानंद आधी घड्याळाकडे बघत आणि मग चतुराबाईकडे. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. बाकीचे थोडक्यात आटपत. ही बाई माहेरच्या म्हशीपासून सुरुवात करायची.

तिचं दुखणं एकच होतं. तिचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, तिला रिक्षातून आणून सोडायचा आणि उपासना सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत बसायचा. आत तंबाखू चालत नाही, म्हणून गडी आत येत नाही. त्यानं एकदा तरी आत येऊन बसावं, यासाठी चतुराबाईनं लग्न झाल्यापासून देवाचा पिच्छा पुरवला होता.

एका रविवारी निघताना श्रीमंत म्हणाला, "सोडली बघ तंबाखू. आता तरी अजून एक कप चहा दे."

चहासाठी माणूस वाट्टेल ते बोलतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बाईला धीर कुठला. साक्षीची वेळ झाली तशी ही सगळ्यांच्या आधी उभी राहिली आणि म्हणाली, "परमेश्वराची स्तुती असो. माझ्या मालकानं तंबाखू सोडली." टाळ्यांनी चर्चचे पत्रे दणाणले.

उपासना सुटली आणि अख्खी मंडळी लिंबाकडे धावली. श्रीमंतनं नुकताच बार भरला होता. पास्टरसाहेबांनी त्याला कडकडून मिठी मारली. त्याला थुंकता येईना की बोलता येईना. डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटी बिचाऱ्यानं सगळं गिळून टाकलं.

"गहिवरलेत," पास्टरसाहेब म्हणाले. "पुढच्या रविवारी आत येऊन तुम्हीच साक्ष द्या."

श्रीमंतला जोराची उचकी लागली. तोच होकार समजून मंडळी पांगली.

रिक्षात बसल्यावर चतुराबाईला तंबाखूचा वास आला. बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीला मनाई आहे, आणि ती तर माईकवरून देऊन बसली होती. आता कोणत्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं? त्या दिवसापासून तिनं तोंडच मिटलं. नळ आला, गेला. चहा झाला, गार झाला. मिलमधल्या जगदेवीनं तर विचारलं, "दाढ दुखायली का गं?"

रविवारी साक्षीच्या वेळी ती उभी राहिली. "मी खोटी साक्ष दिली," ती म्हणाली. "मालकानं तंबाखू सोडली न्हाई. मला माफ करा. आता मी पुन्हा साक्ष देणार न्हाई." बोलून ती मटकन खाली बसली. तिला रडू आवरेना.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "तसं होऊ देऊ नका, साहेब."

श्रीमंत होता. चपला काढून, तोंड खळखळून धुऊन आला होता. गळ्यावरून पाणी ओघळत होतं.

"चूक माझी हाय. मीच बोललो, सोडली म्हणून. पण आठ दिस झाले, ही गप हाय. मला प्रार्थना येत न्हाई. हिचं ऐकून ऐकून घरात देव हाय असं वाटायचं. आता लई सुनं लागतंय. हिला बोलू द्या."

पास्टरसाहेबांनी हळूच विचारलं, "आणि तंबाखूचं काय?"

"ते मी काही सांगणार न्हाई," श्रीमंत म्हणाला. "ही लगेच उभी राहती."

चर्च हसलं, पास्टरसाहेबही हसले. श्रीमंत शेवटच्या बाकावर टेकला. चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले. या खेपेला तिनं घाई केली नाही. आधी मान वळवून मागं पाहिलं, नवरा खरंच बसलाय याची नीट खात्री केली, आणि मग साक्ष द्यायला उभी राहिली.