फळीतले पोटभाडेकरू

लाकूड खाणाऱ्या किड्याची बाजू घेऊन भांडणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या ह्यांचा मित्र. रोह्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे भावोजी बायको गेल्यापासून एकटे राहतात. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात आले, की मूर्तींकडे पाठ करून फळ्यांना कान लावतात. लग्नाला गेले तर नवरानवरीऐवजी पाटाची भोकं न्याहाळतात. चहा निवला तरी चालतो. भोकातून पडलेलं पीठ कुणी झाडलेलं मात्र चालत नाही.

एकदा चतुर्थी तोंडावर आली आणि नेमकं ते पीठ खालच्या मूर्तीच्या ओल्या रंगावर पडलं. रंगकाम करणाऱ्या सखूबाई ओरडल्या, "बाय, बाप्पानं पावडर लावलीय बघ गो!" मी फळी उचलली आणि चुलीकडे निघाले. भावोजी आडवे आले.

"वहिनी, आत नुसता भुंगा नाही. त्याच्या पोटात जिवाणू आहेत. लाकडात कस कुठला? भुंग्याचं कवच कडक व्हायला लागतं ते द्रव्य हे जिवाणू तयार करतात. आई अंड्याबरोबरच ते देते, आंदण दिल्यासारखे!"

"म्हणजे माझ्या फळीत भाडेकरू, आणि वर त्याचे पोटभाडेकरू?"

"पोटभाडेकरू! अगदी पोटातलेच!" भावोजींनी टाळीच वाजवली.

"भाडं नाय, पागडी नाय, काढा भायेर!" सखूबाईंनी निकाल दिला.

चूल टळली, पण कारखाना सुटला. भावोजी फळी जुन्या चादरीत गुंडाळून एसटीत चढले. कंडक्टरनं विचारलं, "किती जण?" भावोजी म्हणाले, "मी एकटा. आतल्यांची मोजदाद नाही." त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी रोह्याला त्यांच्याकडे गेले. फळी खिडकीखाली उभी होती, जमीन स्वच्छ होती. माझ्या कारखान्यात भावोजींनी एवढी शिस्त कधी दाखवली नव्हती, म्हणून मी विचारलं, "आज झाडलंत वाटतं?"

"झाडायला पडतंय काय? सगळे उडाले, वहिनी. रात्री जरा कुरकुर ऐकू यायची, तीही बंद."

दिवस मावळला होता, डास आत येत होते. मी खिडकी लावायला उठले.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "एखादा परत आला तर."

मी डास मारत बसून राहिले.