बत्तिसावा सडा

उराकोशी तामेझो, पुरुष, वय एकाहत्तर, राहणार मिनोसे बेट, पश्चिम वाडी. व्यवसाय: मासेमारी (निवृत्त), वाकामे शेवाळ (चालू). पद: शिंपण गटप्रमुख, स्वयंसेवी अग्निशमन दल, मिनोसे शाखा, विनावेतन. कर्तव्य: वैद्यकीय हेलिकॉप्टर उतरण्यापूर्वी शाळेचे मैदान धूळ उडणार नाही इतपत, परंतु चिखल होणार नाही इतपत, ओले करणे. कार्यकाळ: अकरा वर्षे. उतरलेली हेलिकॉप्टरे: एकतीस. धुळीबाबत तक्रारी: निरंक. शारीरिक क्षमता: उत्तम.

कचेरीच्या नोंदवहीतली ही माहिती खोटी आहे असं कोणी म्हणणार नाही. शेवटचा रकाना तामेझोने स्वतःच भरला होता, एवढंच. तो कोणी भरायचा हे कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि पेन त्याच्या हातात होतं.

मिनोसेवर दोनशे बारा माणसं राहतात. दवाखाना एक, डॉक्टर एक, तोही दर दोन वर्षांनी बदलणारा. छाती उघडून हृदयावर काम करता येईल असं सगळ्यांत जवळचं टेबल नव्वद किलोमीटर समुद्रापलीकडे. बोटीने चार तास, समुद्राची मर्जी असेल तर. म्हणून हेलिकॉप्टर, आणि ते उतरवायला बेटावर सपाट म्हणावी अशी जागा एकच, शाळेचं मैदान.

अकरा वर्षांपूर्वी गोन्जीच्या छातीत कळ आली तेव्हा मैदान कोरडं होतं. गोन्जी आणि तामेझो चौतीस वर्षं एकाच होडीवर होते, आणि त्या काळात त्यांचं एकमेकांशी झालेलं बोलणं एका दुपारीत मावलं असतं. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं तशी पिवळी धूळ अशी उठली की वैमानिकाला जमीन दिसेना. ते वर गेलं, दोन घिरट्या घातल्या, शेवटी बंदराच्या अरुंद धक्क्यावर कसंबसं उतरलं. गोन्जीला पुन्हा व्हॅनमध्ये घालून तिकडे न्यावं लागलं. वीस मिनिटं गेली. गोन्जी त्या वीस मिनिटांच्या आधी गेला की नंतर, हे डॉक्टरने सांगितलं नाही आणि तामेझोने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दलाच्या शेडमध्ये गेला आणि पाण्याची नळी किती लांब आहे ते पावलांनी मोजून आला.

गटप्रमुख झाल्यावर त्याने नियम केला तो एकच: पेशंट कोण, हे हेलिकॉप्टर उडेपर्यंत कोणी विचारायचं नाही. आपलं माणूस आहे असं कळलं की हात घाई करतो, आणि हाताने घाई केली की एका कोपऱ्यात तळं होतं नि दुसऱ्यात धूळ राहते. नियम चोख चालला. एकोणिसाव्या खेपेला त्याने नेहमीसारखा सडा घातला आणि हेलिकॉप्टर दिसेनासं झाल्यावर त्याला कळलं, की आत आपली मेहुणी होती. त्याची बायको मित्सुए त्यानंतर चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. मैदान मात्र एकसारखं भिजलं होतं.

एप्रिलमधल्या त्या सकाळी दोघं नवराबायको दोरीवर शेवाळ वाळत घालत होती. तामेझोच्या पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे, जाड कापड टरकन फाडावं तसं झालं. तो ओली टोपली धरून उभाच राहिला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. लचकलं."

"लचकल्यावर माणूस पांढरा पडतो होय?"

"मग कोणत्या रंगाचा पडतो?"

"दवाखान्यात जा. आणि विमाकार्ड घ्या. मागच्या वेळी शिझुएने मला ऐकवलं."

तो दवाखान्यात गेला. कार्ड घरीच राहिलं.

नर्स शिझुएने उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला: एकशे अडुसष्ट. डाव्या दंडाला बांधला: शंभर. तिने यंत्राला एक चापट मारली आणि पट्टा स्वतःच्या दोन्ही दंडांना आळीपाळीने बांधून पाहिला.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "तामे-सान, तुम्हीच बिघडलात."

डॉक्टर इकेबुची एकोणतीस वर्षांचा होता आणि बेटावर आल्यापासून त्याने मुख्यतः गुडघे पाहिले होते. त्याने छातीवर गार जेली लावून पडद्यावर बराच वेळ काहीतरी पाहिलं. मग तो स्टूल ओढून तामेझोच्या उशाशी बसला.

"हृदयातून निघणारी जी मोठी नळी असते ना, तिचं आतलं अस्तर फाटलंय. बाहेरचा थर अजून धरून आहे. तो फुटला तर इथे मी काही करू शकणार नाही. जितके तास जातील तितका धोका वाढतो. आजच्या आज शस्त्रक्रिया व्हायला हवी."

"जाड किती असते ती नळी?"

"तीनेक सेंटिमीटर."

"म्हणजे आमच्या दलाच्या चाळीस मिलिमीटरच्या नळीपेक्षा बारीक."

"असेल."

"आतलं रबर सुटलं की आम्ही तेवढा तुकडा कापून टाकतो."

"तेही तेच करणार आहेत. कापतील आणि कापडाची नवी नळी शिवतील."

तामेझोला हे पटलं. अग्निशमनाच्या नळीलाही बाहेरून विणलेलं कापडच असतं. इतकं सरळ बोलणारा डॉक्टर बेटावर पूर्वी आला नव्हता, असं त्याच्या मनात आलं. आपण ज्या नळीबद्दल बोलतोय ती आपलीच, ही गोष्ट त्या बोलण्यात कुठेतरी मागे राहिली.

"हलायचं नाही," डॉक्टरने सांगितलं. "खोकायचं नाही. जोर तर मुळीच लावायचा नाही." मग त्याने दुखणं कमी करायचं औषध टोचलं, दाब उतरवायचं औषध दिलं, सलाईन लावलं आणि पलीकडच्या खोलीत मोठ्या इस्पितळाशी बोलायला गेला. शिझुए मागच्या दारी व्हॅनमध्ये स्ट्रेचर बसवायला गेली.

औषध चांगलं होतं. दुखणं दूर गेलं, त्याच्यामागून खोलीही थोडी दूर गेली. तामेझो छताकडे पाहत पडून होता. तेवढ्यात छताच्या कोपऱ्यातला कर्णा खरखरला. बेटावरच्या प्रत्येक घरात आणि प्रत्येक खांबावर असतो तसलाच.

"वैद्यकीय हेलिकॉप्टर अकरा वाजून चाळीस मिनिटांनी येत आहे. शिंपण गटाने ताबडतोब मैदानावर हजर व्हावे. पुन्हा सांगतो..."

पुन्हा सांगेपर्यंत तामेझो उठला होता. पुढे महिनाभर सगळ्यांनी त्याला विचारलं, की बाबा रे, तू उठलास कसा? त्याचं उत्तर दर वेळी तेच: "बोलावलं होतं."

सलाईनची पिशवी त्याने गळपट्टीत खोचली आणि पायात दवाखान्याच्या हिरव्या सपाता तशाच ठेवून आपला छोटा टेम्पो काढला.

मैदानावर पोस्टमन हात्सुओ पंपाशी आधीच उभा होता. त्याला सपाता दिसल्या, पिशवी दिसली, पिशवीतून बाहीत गेलेली नळीही दिसली. बेटावर थकवा आला की म्हातारी माणसं सलाईन लावून घेतात, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. थोडं वाटलं असेल, पण नियम होता.

"पश्चिमेकडून?" हात्सुओने विचारलं.

"वारा कुठला आहे?"

"पश्चिमेचा."

"मग विचारतोस कशाला?"

पंप सुरू झाला. हा पंप अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि तो चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यामुळे खांबावरचा कर्णा पुढे जे सांगत होता, ते त्या दोघांखेरीज सगळ्या बेटाने ऐकलं. "उराकोशी तामेझो-सान, असाल तिथून दवाखान्यात परत या. कृपया सावकाश या."

मित्सुएने ते ऐकलं. कार्ड विसरले, असा तिने अर्थ लावला. सावकाश या, हे तिला विशेष अपमानाचं वाटलं. तिने फळीवरचं कार्ड घेतलं, सायकल काढली आणि चढाला लागली. दवाखान्यात डॉक्टर पडद्याआड, पलंगाखाली आणि कपाटात शोधून पुन्हा पडद्याआड पाहत होता.

"कार्ड," मित्सुए म्हणाली.

"ते कुठे आहेत?" डॉक्टर ओरडला.

"इथे नाहीत?" ती म्हणाली. मग खिडकीतून पंपाचा आवाज तिच्या कानावर आला आणि पुढचं तिने विचारलं नाही.

तामेझोची अर्धी बाजू झाली होती. पाण्याची कमान नेहमीसारखी पडत होती, नोझल मात्र नेहमीपेक्षा जड लागत होतं, आणि मैदान मधूनमधून थोडं डावीकडे कलत होतं. मैदान का कलतंय, हे त्याला समजेना. व्हॅन आली. व्हॅनमधलं स्ट्रेचर रिकामं होतं, हेही त्याला समजेना. शिझुए हातवारे करत धावत आली. तिने हात्सुओच्या हातावर फटका मारून पंप बंद केला, तेव्हा एकदम सगळं ऐकू यायला लागलं. लांबून पंख्यांची धडधडही.

"खाली ठेवा ते! तामे-सान, खाली ठेवा!"

"पूर्व बाजू राहिलीय."

"राहू दे पूर्व बाजू! पेशंट कुठाय असं विचारतायत ते वरून!"

"कोण आहे पेशंट?" तामेझोने विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच नियम मोडला, आणि तोही त्यानेच.

"तुम्ही!"

तामेझोने हात्सुओकडे पाहिलं. हात्सुओने पिशवीकडे पाहिलं आणि टोपी काढली. टोपी काढायची ही वेळ नव्हती, असं त्याला लगेच वाटलं आणि त्याने ती परत घातली.

"मी असेन तर," तामेझो सावकाश म्हणाला, "मग मैदान कोण भिजवतंय?"

नोझल तो सोडेना. शिझुएने ओढून पाहिलं; डॉक्टर मागून धावत येत ओरडला, "ओढू नका! त्यांना जोर लावायला लावू नका!" धडधड जवळ आली होती. पूर्वेकडची माती पिवळी, भुसभुशीत, तीन आठवडे पाऊस न लागलेली. तामेझो तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

मित्सुएने सायकल आडवी टाकली. "द्या इकडे."

"तुला येतं?"

"अकरा वर्षं जेवताना दुसरं काय ऐकतेय मी? इतपत पण तितपत नाही. द्या."

त्याने दिलं. हात्सुओने पंप सुरू केला.

स्ट्रेचरवर बसताना तामेझोने सपाता काढल्या आणि त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला करून, परत आल्यावर घालायला सोप्या जातील अशा, जमिनीवर जोडीने मांडल्या. शिझुएने त्या उचलल्या आणि तोंड फिरवलं. हेलिकॉप्टर उतरलं. सोबत घरचं एक माणूस येऊ शकतं, असं आतल्या डॉक्टरने ओरडून सांगितलं, तेव्हा घरचं माणूस पूर्वेच्या कोपऱ्यात, भिजलेल्या एप्रनमध्ये, उडतानाही धूळ होऊ नये म्हणून नळी धरून उभं होतं. तिने हाताने जा म्हणून सांगितलं. ती दुपारच्या बोटीने गेली. समुद्र वाईट होता, पाच तास लागले.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. शरीर थंड केलं, हृदय थांबवलं, फाटका तुकडा कापला, कापडाचा शिवला, हृदय चालू केलं. यातलं तामेझोला काही माहीत नाही. त्याला माहीत आहे ते असं, की तो चार तासांच्या त्या बोटीवर होता आणि बोट कुठेच पोचत नव्हती. उशाशी मासे शोधायचं यंत्र टिकटिकत होतं. खाली भरपूर मासळी होती आणि कोणी जाळं टाकत नव्हतं. गोन्जी असता तर टाकलं असतं. गोन्जी कोणत्या बाजूला बसलाय, हे त्याने परिचारिकेला विचारलं.

ती रोज सकाळी तेच प्रश्न विचारी.

"आपण कुठे आहात?"

"बोटीवर."

"पेशंटचं नाव काय?"

"ते उडाल्यावर विचारायचं असतं."

तिने कागदावर लिहिलं: गोंधळ कायम.

इस्पितळाच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरे. चौथ्या दिवशी त्याने धडधड ऐकली, पाणी प्यायचं तोटीचं भांडं उचललं आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना फरशीवर नीट सडा घातला. पश्चिमेकडून सुरुवात केली. परिचारिका घसरली नाही, कारण चिखल होणार नाही इतपतच होता.

पाचव्या दिवशी मित्सुए पलंगाशी बसली होती.

"उडालं?" त्याने विचारलं.

"उडालं."

"कोण होतं?"

"तुम्ही होता, अहो."

त्याने छातीवरच्या पट्टीला हात लावला. हिशेब जुळवायला त्याला थोडा वेळ लागला. "पूर्व बाजू?"

"कोपऱ्यात तळं झालं."

"धूळ?"

"नाही."

त्याने डोळे मिटले. त्या दिवशीच्या कागदावर परिचारिकेने लिहिलं: सुधारणा.

बत्तिसाव्या हेलिकॉप्टरचा अहवाल हात्सुओने भरला. शिंपण: उराकोशी तामेझो. रुग्ण: उराकोशी तामेझो. कचेरीने तो परत पाठवला: एकच नाव दोन रकान्यांत आले आहे, दुरुस्ती करावी. हात्सुओने दोन दिवस विचार केला आणि रुग्णाच्या रकान्यात निरंक लिहिलं. अहवाल मंजूर झाला. त्याच डाकेने तामेझोची नेमणूकही आणखी दोन वर्षं वाढवल्याचं पत्र आलं. कार्य: निर्दोष. धुळीबाबत तक्रारी: निरंक. शारीरिक क्षमता: उत्तम.

डॉक्टरने त्याला दोन किलोपर्यंत वजन उचलायची परवानगी दिली आहे. नोझल साडेतीन किलोचं आहे. ते मित्सुए धरते.