देवबाग ते सावंतवाडी: दृढीकरणाची वारी, एक होडी आणि एक माद्रीन

जायचं ठरलं ते आमच्या चॅपेलच्या पायरीवर. सिमांव मास्तर आम्हां सहा पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. पेटी वाजवणं, गायनमंडळ सांभाळणं आणि पोरांचे कान पिळणं, ही तिन्ही कामं त्यांचीच. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "बिशप सावंतवाडीक येतंत. येत्या शनिवारी निघाचा!" आणि आम्ही असे ओरडलो की आत झोपलेलं मांजर बाहेर पळालं.

ही गोष्ट साठीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी चौदाची. आता नातवाने हा ब्लॉग उघडून दिलाय आणि सारखा म्हणतो, आजी, जुना प्रवास लिही. तर हा घ्या. आज देवबागेहून सावंतवाडीला गाडीने दोनेक तास लागतात. आम्हाला अख्खा दिवस लागला, आणि त्यातली दहा मिनिटंसुद्धा मी कुणाला देणार नाही.

दृढीकरण म्हणजे काय, ते आधी सांगते. तान्हेपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा हो-नाही आईबाप बोलतात. मोठं झाल्यावर आपलं आपण सांगायचं, ही श्रद्धा माझी आहे, मी ती पेलीन. बिशप कपाळाला तेल लावतो आणि आपण धर्मात मोठे होतो. त्याआधी सहा महिने मास्तरांनी आम्हाला पिदडलं होतं. पवित्र आत्म्याची दानं किती, पापं किती, आज्ञा किती, सगळं घडाघडा. शिवाय प्रत्येकाला एक म्हातारं माणूस वाटून दिलेलं, त्याचं पाणी भरायचं. माझ्या वाट्याची म्हातारी रोज तीन घागरी झाल्या की चौथी मागायची.

पण आमचं खरं लक्ष होतं थोबाडीवर. त्या काळी बिशप तेल लावल्यावर गालावर एक चापट मारायचा. ख्रिस्तासाठी पुढे सोसावं लागेल, त्याची ती आठवण. आमच्यातला पास्कू हा पक्का आगलाव्या. तो म्हणायचा, "अशी मारता, अशी मारता, दाढ हालता!" मी आठवडाभर आरशासमोर स्वतःच्या थोबाडीत मारून सराव केला.

दृढीकरणाला मुलीमागे एक माद्रीन, म्हणजे धर्ममाता, उभी राहते. खांद्यावर उजवा हात ठेवते आणि जन्मभर तिच्या श्रद्धेची राखण करते. आईला स्वतःच्या लेकीची माद्रीन होता येत नाही. माझी माद्रीन ठरली होती इसाबेल मावशी, आमच्याच घरात राहणारी, आईची थोरली बहीण. डोक्यावर माशांची पाटी, तोंडात तलवार. मालवणच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायला भलेभले घाबरायचे. रोज संध्याकाळी आंजेलूसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की मी हात जोडून तिच्यापुढे उभी राहायचे आणि बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचे. माझी माद्रीन तीच होणार, दुसरी कोण? बाकीच्या मुलींच्या माद्रिणी सावंतवाडीतच भेटणार होत्या.

शनिवारी पहाटे भरती लागली की कर्ली खाडीतून होडीने वालावलीला, तिथून चालत कुडाळ, मग एसटी, असा बेत. भरतीचं पाणीच होडी वर ढकलत नेतं, वल्ह्यांना नुसता हात लावायचा. (आज कुणाला हौस असेल तर तिथल्या होडीवाल्याला भरतीची वेळ विचारा आणि त्याआधी हजर राहा. घड्याळ बघून जाऊ नका.) आम्ही सगळे हजर, आणि पास्कूच्या नव्या बुटांतला एक बूट गायब! अर्धं घर उलटं केलं तेव्हा तो भाताच्या कणगीत सापडला. मावशी किनाऱ्यावरून ओरडत होती, "भरती काय तुझ्या बुटासाठी थांबतली रे मेल्या?"

निघायला चांगलाच उशीर झाला. पण काय सांगू ती सकाळ! दोन्ही काठांना माड, मधूनच पाण्यावर उडी मारणारे मासे, आणि आम्ही सहा जण गळा काढून गाणी म्हणतोय. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी होडीतच फस्त झाली. धामापूर कुठल्या बाजूला ते मास्तरांनी बोटाने दाखवलं, तिथलं तळं किती जुनं ते सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

वालावलीच्या अलीकडे होडी खरवडली आणि थांबली. ओहोटी लागली होती! आम्हाला गंमत वाटली, पोरं हसायला लागली. मावशीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. लुगडं खोचून तिने सरळ पाण्यात उडी घेतली आणि होडीला खांदा लावला.

"उतरा रे सगळी! लोटा! बसान काय बघतास?"

आम्ही उतरलो. मांडीपर्यंत चिखल. माझा पांढरा फ्रॉक ट्रंकेत होता म्हणून वाचला. मावशी लोटत होती आणि चक्क रडत होती. बाजारात पोलिसालाही न भिणारी बाई रेतीत अडकलेल्या होडीपायी रडते, मला काही कळेना. शेवटी होडी सुटली आणि आम्ही चिखलाने माखून वालावलीच्या काठाला लागलो. तिथल्या एका बाईने विहिरीवर पाय धुवायला कळशी दिली, वर गूळपाणीही दिलं.

पुढे कुडाळपर्यंत पायपीट. लाल माती, चढउतार, आणि पास्कूचा नवा बूट चावलेला, त्यामुळे तो लंगडत. (छान झालं.) कुडाळच्या स्टँडवर तिखटजाळ उसळ आणि पाव खाल्ले. त्या उसळीची चव मी नंतर पुष्कळ ठिकाणी शोधली. एसटीचं तिकीट काही आणे होतं. नवे पैसे आले होते, पण आमच्या तोंडात आणेच. खिडकीसाठी मारामारी झाली आणि ती मी जिंकले.

सावंतवाडीचं तळं पाहिलं आणि मी "अगो बाय!" म्हणून उभीच राहिले. गावाच्या मधोमध एवढं पाणी, आणि त्याला भरती नाही की ओहोटी नाही!

संध्याकाळी पाद्रींच्या घरी नावं लिहून घेणं सुरू झालं. म्हातारे पाद्री, जाड चष्मा, मोठी वही. माझं नाव लिहिलं. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं. माद्रिणीचं स्वतःचं दृढीकरण झालेलं असावं लागतं.

"बाई, तुमचं दृढीकरण कुठे झालं?"

मावशी म्हणाली, "पाद्रे, माजा झालाच नाय."

मास्तर ताडकन उठले. मावशी खाली बघून बोलत राहिली. "ल्हान आसताना ह्याच वाटेन आयलंलंय. वालावलीच्या खाली होडी रेतीक लागली, ओहोटी होती. दुसऱ्या दिवशी पोचलंव तर बिशप गेलेलो. घराकडे सान्नां करून ठेवलेली, गाव जेवूक बसलेलो. बापाशीन सांगल्यान, झाला म्हणान."

सान्नां म्हणजे तांदळाच्या मऊ इडल्या, आमच्याकडे सणासमारंभाला करतात. आणि इतकी वर्षं ते दृढीकरण झालेलंच राहिलं. मास्तर तिच्या कानाशी पुटपुटले की गावातल्या चॅपेलची नोंदींची जुनी वही वाळवीने खाल्ली आहे, कोण बघायला बसलंय?

"खोटा बोलान ह्या चेडवाच्या खांद्यार हात ठेवू?" मावशी म्हणाली. "नाय ठेवूचंय."

आणि मी काय केलं? तिच्या अंगावर ओरडले. "माका आधी सांगूक काय झाला? तू फटकिरी आसस!" खोटारडी म्हणाले तिला, सगळ्यांसमोर. उद्या सगळ्या मुलींमागे त्यांच्या माद्रिणी असणार आणि माझ्यामागे भिंत, एवढंच मला दिसत होतं.

पाद्रींनी वही मिटली. "मुली, तुझ्यामागे माझी बहीण उभी राहील," ते म्हणाले आणि मावशीकडे वळले. "बाई, आत्म्याची दानं किती?"

"सात," मावशी म्हणाली, आणि सातही घडाघडा सांगितली. मग आज्ञा. मग संस्कार. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. सहा महिने मी पडवीत पाठ करत होते आणि ती शेजारी बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. मला वाटायचं, हिचं लक्ष सुंगटांत आहे.

पाद्री हसले. "मग उद्या तुम्हीही रांगेत या. माझी बहीण दोघींमागे उभी राहील."

"नको पाद्रे. ह्या चेडवाक मोठा करूक आणलंय ना? मगे मोठ्या माणसाचा काम तेका द्या. आधी तेचा होऊ दे, मगे ती माजी माद्रीन."

पाद्रींनी माझं वय विचारलं, नियम आठवला, मान हलवली. चालत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फुगून बसले होते. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी चर्च खच्चून भरलेलं. पांढरे फ्रॉक, मेणबत्त्या, लॅटिनमधली गाणी. पास्कू माझ्या पुढे होता. बिशपचा हात गालाजवळ आला तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले, आणि चापट लागली ती इतकी हलकी की त्याला ती लागली हेच कळलं नाही. तो डोळे मिटून वाट बघत राहिला, मास्तरांना त्याला ओढून बाजूला करावं लागलं. मला हसू आवरेना. हसतच मी पुढे गेले, आणि कपाळावर ते गार तेल लागलं तेव्हा हसू थांबलं. पाद्रींच्या बहिणीचा हात माझ्या खांद्यावर होता. चापट झाली. मी बाजूला झाले.

मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी मावशी. डोक्यावर पदर, आजूबाजूला चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, आणि ही पन्नाशीची. कुणीतरी फिसकन हसलं. तिच्यामागे जागा रिकामी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी येईन की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी ती पुढे सरकत होती.

ते फिसकणं माझ्या कानात गेलं मात्र, मी उठले. माणसांतून वाट काढत गेले आणि तिच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. पाटी वाहून वाहून तो खांदा टणक झाला होता. बिशपने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि ओठांतल्या ओठांत हसत मावशीच्या कपाळाला तेल लावलं. चापट बसली तशी तिने मान उंच केली.

सोमवारचा परतीचा प्रवास लांबलचक सांगत नाही. या वेळी पास्कूने बूट गळ्यात बांधले होते आणि आम्ही ओहोटीच्या आधी तासभर काठावर बसलो होतो. ओहोटी लागली तशी होडी सुसाट खाली आली.

घरी पोचलो, आईने सान्नां वाढली. या वेळची खरी, मावशी म्हणाली. तेवढ्यात आंजेलूसची घंटा झाली. सवयीने मी हात जोडून मावशीकडे गेले, तर तीच माझ्यापुढे हात जोडून, मान वाकवून उभी.

"दी गो बेसांव, माद्रीन."

मी आईकडे बघितलं. आई हसेना. मग मी हात वर केला. दिला बेसांव.

त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर ती उसळ, ते तळं, पास्कूचे मिटलेले डोळे. आणि हे: मावशी होती तोवर रोज घंटेला ती माझ्यापुढे हात जोडून उभी राहायची. मी चिडलेली असो, भांडण झालेलं असो, तिनेच मला सकाळी झोडपलेलं असो. बेसांव द्यावाच लागायचा. रुसून बसायची माझी सोय त्या रविवारपासून कायमची गेली.