जवळ्याच्या जाळीवरचे चिकू

एवढं घरचं, साधं खाणारी बाई पन्नाशीत गेली. आणि येताजाता वेफर्सची पाकिटं फोडणारा मी अजून गल्ल्यावर बसलोय.

हे मी म्हणत नाही. मयताला आलेली मंडळी म्हणत होती, तेही मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

आज माझ्या बायकोला, सुरेखाला जाऊन वर्ष झालं.

वाणगावच्या बाजारातलं आमचं दुकान बहुतेकांनी पाहिलंय. दारात रंगीबेरंगी पाकिटांच्या माळा. पोरं शाळेतून सुटली की आधी तिकडेच हात घालतात.

त्या माळा माझ्या. त्यांच्याखाली काउंटरवर सुकवलेल्या चिकूची काचेची बरणी, ती तिची.

एकाच दुकानात सरकार आणि विरोधी पक्ष.

आमची लेक मानसी वाचायला शिकली तेव्हापासून सुरेखानं तिला एक काम लावलं होतं. पाकीट उलटं करायचं आणि मागचं बारीक इंग्रजी मोठ्यानं वाचायचं. मानसी अडखळत वाचायची. कलर, फ्लेवर, प्रिझर्व्हेटिव्ह, पुढे कसले कसले नंबर.

"ज्याचं नाव घेताना पोरीची जीभ वळत नाय, ते तिच्या पोटात कशाला घालायचं?"

"अगं, सरकारनं पास केलंय ते."

"मग सरकारच्या पोरांना द्या."

गिऱ्हाईक हसायचं आणि पाकीट ठेवून चिकू घेऊन जायचं. धंद्याची पार वाट.

पोरांसाठी तिची एक वेगळी तपासणी होती. काउंटरशी कोणी आलं की, "जीभ दाखव."

जीभ नारिंगी दिसली की हातावर चिकूची फोड. "आधी हे खा, मग घरी जा." पुढे पुढे पोरं मुद्दाम नारिंगी जीभ करून यायला लागली. पाकीट माझ्याकडून, चिकू तिच्याकडून फुकट. तिला ते कळत होतं. तरी द्यायची.

तिचं माहेर वरोर. घरची बोट, अंगणात कायम मासळी सुकत घातलेली. टिकवायचं म्हणजे मीठ आणि ऊन, एवढंच तिला माहीत. लग्नानंतर पहिल्यांदा चिकू सुकवायचे ठरवले, तेव्हा तिनं हक्कानं माहेरची जाळी आणली. जवळा, म्हणजे बारीक कोलंबी सुकवायची.

तीन-चार उन्हं दिली. चिकू सुरेख दिसत होते. मी एक तोंडात टाकला.

गोड चिकू. वर जवळ्याचा वास.

मी जो हसत सुटलो! ती रागानं लाल झाली. मग स्वतः एक खाल्ला आणि तीही हसायला लागली. "कोलंबीचा मुरांबा झालाय," म्हणाली. ते सगळे चिकू आम्ही दोघांनीच संपवले. दुसऱ्याला देणार कसे?

नंतर ती नवी जाळी वापरायची, धुऊन-बिऊन. बरणी भरली की सगळ्यांना एकच ताकीद. "पावसाच्या आत संपवा. टिकायला यात काय घातलेलं नाय."

मागच्या मे महिन्यात बरणी भरली आणि त्याच आठवड्यात ती गेली. हार्ट. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

ती बरणी मी काउंटरवरून उचलली आणि घरात कपाटात ठेवली. कोणाला दिली नाही. मीही त्यातली फोड खाल्ली नाही. तिच्या हातचं शेवटचं होतं ना ते. राखून राखून ठेवलं.

श्रावणात एक दिवस फार एकटं वाटलं. मानसीचा पुण्याहून फोन आला होता, "पप्पा, जेवलात ना?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. म्हटलं, आज एक फोड खाऊ.

बरणीत पांढरी बुरशी. तळापर्यंत.

ती वर्षानुवर्षं ओरडून सांगत होती ते सगळ्या वाणगावला कळलं होतं. मलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दारातली जुनी माळ, ती गेली त्याच्याही आधी लावलेली. एक पाकीट फोडलं. कुरकुरीत. जसंच्या तसं. मला त्या पाकिटाचा इतका राग आला, की माळच ओढून काढली.

पोरं अजून येतात. सवयीनं काउंटरशी उभी राहून जीभ बाहेर काढतात. समोर मी दिसलो की आत घेतात.

गेल्या आठवड्यात वरोरला गेलो. तिच्या भावाच्या बायकोकडे जाळी मागितली.

"भावोजी, थांबा, धुऊन देते. वास मारतेय."

"नको," म्हणालो. "तशीच द्या."

तिनं जाळी तशीच गुंडाळून दिली.

चिकू मीच सोलले, मीच कापले. जाड-बारीक, कसेही. घरामागे ऊन दिलं. आज सकाळी पहिली फोड खाल्ली.

गोड. आणि वर जवळ्याचा वास.

खूप हसायला आलं. बाजूला वळून बघितलं, तर हसायला दुसरं कोणी नव्हतं. मग रडलो.

बरणी आज परत काउंटरवर ठेवलीय. चव बिघडलेली आहे, आधीच सांगतो. पोरांनो, या. जीभ कुठल्याही रंगाची चालेल.

सुरेखा, या वेळी राखून ठेवणार नाही गं.

पाऊस तोंडावर आलाय. मला एकट्याला संपणार नाहीत.